हातातला क्लच

"मॅडम, हे काय आहे?"

वणकुद्रे अर्धे माझ्या गाडीत होते आणि अर्धे बाहेर. मला दिसत होती ती त्यांची धुळीनं माखलेली पँट आणि मागच्या खिशातला कंगवा. आवाज गिअरच्या दांड्याजवळून येत होता.

"क्लच," मी म्हणाले.

"क्लच खाली असतो."

"माझा वर आहे."

ते बाहेर आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या डाव्या पायातल्या कॅलिपरकडे, आणि मग घाईघाईनं गाडीच्या टपाकडे. हा क्रम मला पाठ होता. आधी चेहरा, मग पाय, मग जवळची कुठलीही वस्तू.

"म्हणजे, तुमच्या पायामुळं?"

"पायामुळं."

मला दीड वर्षाची असताना पोलिओ झाला. उजवा पाय वाचला, डावा नाही. गाडीचा ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर उजव्या पायाला असतात, त्यामुळे अडचण फक्त क्लचची होती. ती मी अशी सोडवली होती की गिअरच्या दांड्याला स्कूटरचा क्लच बसवून घेतला होता. दांडा धरायचा, बोटांनी लिव्हर आवळायचा, त्याच मुठीनं गिअर टाकायचा, बोटं सैल सोडायची. शिरोलीच्या एका फाउंड्रीत मी ड्रॉइंगं करायचे. याचंही ड्रॉइंग मीच केलं आणि आमच्या मशीन शॉपमधल्या जमादारांनी ते बनवून दिलं. माझ्या पांढऱ्या मारुतीतून मी रोज राजारामपुरी ते शिरोली जात-येत होते, तेव्हा कोल्हापुरात कुणाला हे काय आहे असं विचारावंसं वाटलं नव्हतं. आता वणकुद्रेंना वाटलं, कारण ते स्पर्धेचे तपासनीस होते.

स्पर्धा ऑटोक्रॉसची होती. शिरोलीच्या पुढं एका बंद कारखान्याच्या मुरमाच्या पटांगणात रबरी कोन मांडून वाकडातिकडा रस्ता आखला होता. एका वेळी एकच गाडी सोडायची आणि घड्याळ लावायचं. कोन पाडला की वेळेत पाच सेकंद वाढवायचे. प्रत्येकाला तीन फेऱ्या, त्यातली सगळ्यांत चांगली धरायची.

वर्ग दोनच होते. नवोदित आणि ओपन. नवोदितमध्ये माणूस कधी स्पर्धेत न उतरलेला हवा आणि गाडी शोरूममधून बाहेर पडली तशी हवी. टेप, सीट कव्हर, पुढं गणपती, एवढं चालत होतं. इंजिन, ब्रेक, क्लच, स्प्रिंगा, चाकं यांतल्या कशालाही हात लागलेला असला की गाडी ओपनमध्ये. आणि ओपनमधली मंडळी म्हणजे मागची सीट काढून आत लोखंडी पिंजरा घातलेली, बॉनेट दोरीनं बांधलेली, बोलण्यापेक्षा आवाज गाडीनंच करावा या मताची.

त्या सकाळी रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येक नवोदिताला आपली गाडी शोरूमसारखी आहे हे सिद्ध करायचं होतं. एकजण सायलेन्सर बदलत होता. एकाची गाडी जमिनीला टेकल्यासारखी खाली दिसत होती.

"स्प्रिंगा कापल्यात," वणकुद्रे म्हणाले होते.

"न्हाई ओ. सासऱ्याची गाडी हाय. माणूस वजनदार होता, बसली ती."

वणकुद्रेंनी खाली वाकून पाहिलं आणि सासऱ्यांना ओपनमध्ये पाठवलं.

माझ्या पुढं धैर्यशील मोरबाळे नावाचा पंचविशीतला मुलगा होता. गांधीनगर रस्त्याला त्याचं टायरचं दुकान होतं, आणि त्यामुळे त्याच्या गाडीला जे टायर होते ते बघायला माणसं थांबत होती. रुंद, चकचकीत, बाहेर आलेले. वणकुद्रेंनी नुसती मान हलवली. त्यावर धैर्यशीलनं वाद घातला, घड्याळ पाहिलं, कुणाला तरी फोन केला, मूळची चाकं मागवून घेतली आणि भर उन्हात जॅक लावून चारही चाकं स्वतः बदलली. बदलताना त्याच्या शर्टाची पाठ तेवढी हळूहळू काळी होत गेली.

मग माझा नंबर आला.

"तुमच्या आरसीवरच लिहिलंय," वणकुद्रे कागद हातात धरून म्हणाले. त्यांचा सूर दिलगिरीचा होता. "अपंगांसाठी बदल केलेलं वाहन. आता सरकारच म्हणतंय बदल केलेलं, तर मी शोरूमसारखं कसं म्हणू? मॅडम, नियमानं तुम्ही ओपनमध्ये जाता."

"बरं," मी म्हणाले.

"बरं काय!" मागून आई म्हणाली. आई सकाळपासून छत्री आणि डबा घेऊन माझ्या मागं उभी होती. या सगळ्या प्रकाराला तिचा विरोध होता, आणि विरोध करायला जवळ असणं बरं म्हणून ती आली होती. "ती पिंजऱ्यातली पोरं बघितलीस का? कुठं जातेस त्यांच्यात?"

तेवढ्यात सरनोबत साहेब आले. क्लबचे ते अध्यक्ष. पांढऱ्या मिशा, पांढरी टोपी, गळ्यात शिट्टी. त्यांना वणकुद्रेंनी हळू आवाजात काहीतरी सांगितलं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, पायाकडे पाहिलं, आणि मग टपाकडे न बघता पुन्हा माझ्याकडेच पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

"नाव काय बेटा तुमचं?"

"सुनेत्रा शेडबाळे."

"काय जिद्द आहे!" ते वणकुद्रेंना म्हणाले. "आणि तुम्ही क्लच काय तपासत बसलाय? अहो, यांना स्पर्धेत कशाला ढकलायचं? आपण यांची वेगळी फेरी ठेवू. मानाची. सगळ्यांच्या आधी. फोटोग्राफर आहेच. एक फेरी मारायची, आरामात, आणि मग शाल-श्रीफळ."

आईचा चेहरा उजळला. "बघ, शाल देतायत."

"त्या फेरीला घड्याळ लावणार?" मी विचारलं.

"घड्याळ कशाला? तुम्ही गाडी चालवता हेच खूप आहे."

हे वाक्य मला नवीन नव्हतं. आमच्या फाउंड्रीत मी ड्रॉइंग काढते हेच खूप होतं. मी जिना चढते हे तर फारच होतं. एकदा माझ्या ड्रॉइंगमधल्या एका चुकीमुळे तयार झालेला सगळा माल भंगारात गेला, तेव्हा मॅनेजर माझ्या शेजारच्या मुलावर ओरडले. ड्रॉइंग माझं आहे असं मी सांगायला गेले, तर म्हणाले, तुम्ही बसा हो, तुम्ही नका मनाला लावून घेऊ.

"मग मला ओपनमध्येच घाला," मी म्हणाले.

साहेब दचकले. "छे छे! तिथं तुम्हाला... नाही. मी असं होऊ देणार नाही." त्यांनी शिट्टी वाजवली. "नवोदित! सगळे इकडं या!"

नवोदित जमले. साहेबांनी माझी ओळख करून दिली, ती इतकी लांबली की मला माझ्याबद्दल बऱ्याच नव्या गोष्टी कळल्या. मग त्यांनी विचारलं, "नियम थोडा बाजूला ठेवून या भगिनीला तुमच्यात घ्यायचं आहे. कुणाचा आक्षेप? नसेल त्यांनी हात वर करा."

आक्षेप कसला? ज्यांनी सायलेन्सरवरून आणि स्प्रिंगांवरून सकाळभर एकमेकांची गाऱ्हाणी केली होती, त्या सगळ्यांचे हात एकदम वर गेले. "घ्या की ओ ताईंना!" एकजण म्हणाला, "पायजे तर आमी हळू मारतो." त्यावर टाळ्या पडल्या. धैर्यशील मोरबाळेचाही हात वर होता, काळ्या तळव्याचा.

अशा रीतीनं मी नवोदित झाले.

*

पहिल्या फेरीला मी सांभाळून गेले. हेल्मेट भावाचं होतं, डोक्यावर हलत होतं. झेंडा पडला आणि मी निघाले. पहिल्या वळणाला टाळ्या ऐकू आल्या. दुसऱ्या वळणाला आणखी मोठ्या. कोनांजवळ उभी असलेली क्लबची माणसं हातातले झेंडे काखेत घालून टाळ्या वाजवत होती. मी त्यांच्याकडे बघितलं आणि त्या नादात आतल्या वळणाला एक कोन माझ्या मागच्या चाकाखाली गेला. आरशात मला दिसलं, शेजारच्या माणसानं तो झटकन उभा केला आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं पुन्हा टाळ्या वाजवायला लागला.

फेरी संपवून मी गाडी लावली, काठी घेतली आणि वेळ लिहिणाऱ्यांच्या टेबलापाशी गेले. तिथं जाईपर्यंत तीन माणसांनी मला खुर्ची देऊ केली.

"माझा एक कोन पडला," मी म्हणाले. "पाच सेकंद धरा."

टेबलावरच्या माणसानं हसून मान हलवली. "असू दे हो ताई."

"असू दे कसं? पडलाय तो."

"कोण बघतंय?" त्यानं डोळे मिचकावले. "तुम्ही चहा घ्या."

मी परत आले. आई गाडीच्या सावलीत बसली होती. "छान झाली की," ती म्हणाली. "सगळे किती चांगले आहेत. आता बास कर. डबा खाऊ आणि जाऊ."

"दुसरी आहे अजून."

"तेच तेच परत कशाला?"

मी गाडीत बसले, हेल्मेटात रुमाल कोंबला म्हणजे ते हलणार नाही, आणि काचा वर करून घेतल्या म्हणजे टाळ्या ऐकू येणार नाहीत. मेचा महिना होता. गाडीत भट्टी झाली होती.

दुसऱ्या फेरीबद्दल मला फार सांगता येणार नाही, कारण ती झाली तेव्हा मी विचार करत नव्हते. एवढं आठवतं की सगळं माझ्या डाव्या मुठीत होतं. आतलं वळण इतकं आवळलेलं होतं की तिथं दुसऱ्या गिअरवरून पहिल्यावर यावं लागायचं आणि लगेच परत दुसऱ्यावर. आवळलं, ओढलं, सोडलं. रोज शिरोलीच्या नाक्यावर उसाच्या ट्रॉल्यांमधून गाडी काढताना हेच करायचे मी. हात आपोआप चालत होता. मागून मुरूम उडत होता. एका जागी गाडी आडवी गेली आणि मी ती सरळ केली, आणि मला हसू आलं. शेवटच्या दोन कोनांमधून बाहेर पडल्यावर ब्रेक लावला तेव्हा धूळ माझ्या पुढं निघून गेली.

काच खाली केली. टाळ्या चालूच होत्या. मग कर्ण्यावरून वेळ सांगितली, आणि त्या थांबल्या.

नवोदितमधली ती सगळ्यांत कमी वेळ होती. माझ्यानंतर धैर्यशील मोरबाळे, थोडासाच मागं. मग बाकीचे.

अर्धं मिनिट कुणालाच काय करावं ते कळेना. मग सरनोबत साहेबांनी भानावर येऊन कर्णा घेतला आणि "बघा! बघा हिंमत!" असं काहीतरी सुरू केलं, त्यावर परत टाळ्या झाल्या. पण आता त्या वेगळ्या होत्या. सायलेन्सरवाला टाळ्या वाजवत नव्हता. मघाशी "आमी हळू मारतो" म्हणणारा आपल्या टायरमधली हवा बघत होता.

जेवणाची सुट्टी झाली. आईनं डबा उघडला. पहिला घास घेतला असेल नसेल, तोच वणकुद्रे आले. त्यांच्या हातात एक कागद होता आणि तो कुठं ठेवावा हे त्यांना कळत नव्हतं.

"मॅडम, एक प्रोटेस्ट आलाय."

"कुणावर?"

ते खाकरले. "तुमच्यावर."

आईच्या हातातली चटणीची वाटी तिरकी झाली.

"कुणी केला?"

वणकुद्रेंनी मान वळवली. टेबलाजवळ धैर्यशील मोरबाळे उभा होता. त्याच्या भोवती पाच-सात माणसं होती आणि सगळी एकाच वेळी बोलत होती. मी काठी घेतली.

"काय माणूस हायस का रं?" सायलेन्सरवाला त्याला म्हणत होता. "एका अपंग बाईवर प्रोटेस्ट? सकाळी हात वर केलतास न्हवं?"

"केलता," धैर्यशील म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

"मग आता काय झालं?"

तेवढ्यात आई माझ्या पुढं निघून गेली होती. आईला मी इतक्या वेगानं चालताना फार कमी वेळा पाहिलंय. "तुला आई-बहीण नाही काय रे?" तिनं विचारलं. "तिनं जन्मात कधी कशात नंबर काढला नाही, आणि आज काढला तर तुझ्या डोळ्यात खुपला?"

"काकू," धैर्यशील म्हणाला, "त्या हळू असत्या तर मी कशाला बोललो असतो?"

आईनं छत्री या हातातून त्या हातात घेतली.

"सकाळी मला वाटलं, चालवू देत. कडंला कुठंतरी येतील, आपलं काय जातंय." तो आता माझ्याकडे बघून बोलत होता. चेहऱ्याकडे. "पण ताई, तुमचा क्लच हातात हाय. मी त्या आतल्या वळणावर उभा राहून बघितलं. आमाला पाय मारायचा, मग हात न्यायचा, मग गिअर, मग पाय सोडायचा. तुमचं एका मुठीत होतंय. माझा गिअर पडंस्तवर तुमी पुढच्या कोनाला. तिथं तुमाला दोन सेकंद मिळत्यात, जादा. फायदा हाय तो. मला चार चाकं बदलायला लावली उन्हात, मी बदलली. मग हे कसं चालतंय?"

"अरे गप!" सरनोबत साहेब धापा टाकत आले होते. "फायदा? फायदा म्हणतोस? लाज वाटत नाही? त्यांच्या पायाकडं बघ!"

"पायाकडं कशाला बघू?" धैर्यशील म्हणाला. "गिअरकडं बघतोय मी."

मग त्यानं आणखी एक गोष्ट सांगितली. "आणि पहिल्या फेरीला यांचा कोन पडला होता. तो धरलेला न्हाई."

साहेबांनी तो कागद वणकुद्रेंच्या हातातून घेतला. "हा मी फाडतोय," ते म्हणाले. "ताई, तुम्ही काही मनाला लावून घेऊ नका. विजेत्या तुम्हीच."

"फाडू नका," मी म्हणाले.

"अं?"

"नियमात प्रोटेस्टची सुनावणी असते. ती घ्या."

"अहो, पण तुमच्याविरुद्धच आहे तो!"

"म्हणूनच म्हणते, मला हजर राहता येईल."

साहेबांनी आईकडे मदतीसाठी पाहिलं. आई माझ्याकडे बघत होती, माझ्या डोक्याला ऊन लागलंय का याचा अंदाज घेत.

सुनावणी माझ्या गाडीपाशी झाली. वणकुद्रेंनी डोक्यावरची टोपी काढून पुन्हा नीट घातली आणि एकदम न्यायाधीशासारखे दिसायला लागले. "मुद्दा असा आहे," ते म्हणाले, "की बदल आहे हे कबूल. सकाळी तो आपण सोडून दिला, कारण त्यापासून फायदा नाही असं आपण धरलं. आता तक्रार अशी की फायदा आहे. मॅडम, तुम्हीच सांगा. या क्लचचा तुम्हाला फायदा होतो का?"

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी तेव्हा चौतीस वर्षांची होते. माझ्या पायामुळे काय काय होत नाही, हे मला शाळेत, दवाखान्यात, आरटीओत, मुलगा बघायला आलेल्या घरात, सगळीकडे विचारून झालं होतं. हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

"होतो," मी म्हणाले. "चांगलाच होतो."

"बघा!" धैर्यशील म्हणाला. मग त्याला आपण काय बोललो ते कळलं आणि तो खाली बघायला लागला.

"किती होतो ते बघायला हवं," वणकुद्रे म्हणाले. आता त्यांना काम आवडायला लागलं होतं. "मोरबाळे, तुम्ही बसा गाडीत. गिअर टाकून बघा."

धैर्यशील बसला. इंजिन चालू केलं. मूठ दांड्यावर ठेवली, लिव्हर आवळला, पहिला टाकला, दुसरा, पुन्हा पहिला. गाडी जागच्या जागी पुढं-मागं हलली. त्यानं वर बघितलं तेव्हा त्याचा चेहरा लहान पोरासारखा झाला होता.

"आयला," तो म्हणाला. "भारी हाय हो हे!"

"बघू," सायलेन्सरवाला म्हणाला आणि त्याला बाहेर ओढून आत बसला.

त्यानंतर रांग लागली. मघाशी धैर्यशीलला शिव्या देणारे सगळे एकेक करून माझ्या गाडीत बसले आणि गिअर टाकून आले. ओपनमधलेही दोघं आले. "केबल कुठून नेली? लिव्हर कुठल्या स्कूटरचा? आवळायला जड न्हाई जात?" मला कुणी खुर्ची देत नव्हतं. मी काठीवर रेलून उत्तरं देत होते, आणि सरनोबत साहेब बाजूला एकटेच उभे होते, हातात शालीचं खोकं घेऊन.

निकाल लागला. प्रोटेस्ट मंजूर. हातातल्या क्लचमुळे स्पर्धकास इतरांपेक्षा जादा फायदा मिळतो, सबब गाडी नवोदित वर्गास अपात्र. माझ्या वेळा ओपनमध्ये धरल्या जातील, पहिल्या फेरीत कोनाचे पाच सेकंद वाढवले जातील, आणि तिसरी फेरी मी ओपनमध्ये करीन.

ओपनमध्ये आम्ही सहाजण होतो. माझ्या पुढच्या गाडीचा आवाज इतका होता की आईनं कानात बोटं घातली. मी जीव तोडून गेले. आतल्या वळणाला जरा जास्तच तोडून, कारण कोन उडाला आणि त्याच क्षणी लाल झेंडा वर गेला. "कोन! पाच सेकंद!" टाळ्या मघाशी याच माणसानं वाजवल्या होत्या. आता तो बोट दाखवून ओरडत होता. त्याला थांबून चहा पाजावा असं मला वाटलं.

मी सहावी आले. पाचवा आला त्याला माझं नावही माहीत नव्हतं.

*

बक्षीस समारंभात धैर्यशील मोरबाळेला नवोदितचा कप मिळाला, तेव्हा कुणीही टाळी वाजवली नाही. तो गेला, कप घेतला आणि परत आला. पटांगणात फक्त त्याच्या बुटांचा आवाज झाला. मग साहेबांनी माझं नाव पुकारलं. ओपनमध्ये शेवटच्या आलेल्या स्पर्धकाला बोलावण्याची प्रथा नव्हती, पण साहेबांनी ती त्या दिवशी सुरू केली आणि त्याच दिवशी संपवली. सगळे उभे राहिले. शाल अंगावर आली, नारळ हातात आला. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो होता आणि खाली लिहिलं होतं की या तरुणीनं अपंगत्वावर मात करून सर्वांची मनं जिंकली. वर्गाचा उल्लेख नव्हता. माझी हरकत असण्याचं कारण नव्हतं, कारण शाल आईला थंडीत फार उपयोगी पडली.

आम्ही निघालो तेव्हा धैर्यशील माझ्या गाडीपाशी आला. कप त्यानं वर्तमानपत्रात गुंडाळला होता, कुणाला दिसू नये म्हणून.

"ताई, राग न्हाई ना?"

"नाही."

"सगळी मला गाढव म्हणत्यात. दुकानात आता कोण येतंय का बघायचं." त्यानं मान खाजवली. "पण तुमी खरंच लई जोरात मारली होती. म्हणून केला प्रोटेस्ट. पुढच्या वर्षी येणार?"

"येणार. ओपनमध्ये. दुसरीकडे मला घेणारच नाहीत."

तो हसला. गाडी सुरू झाल्यावर आई मागं वळून त्याच्याकडे बघत म्हणाली, "माणसानं इतकं निगरगट्ट असू नये." शिरोलीच्या नाक्यापर्यंत मी शीळ घालत होते, असं आईनं नंतर भावाला सांगितलं. मला ते आठवत नाही.

पुढच्या वर्षी स्पर्धेची नियमपत्रिका पोस्टानं घरी आली. त्यात एक नवीन कलम होतं. हाताने चालणारा क्लच बसवलेल्या वाहनास अवाजवी फायदा मिळत असल्याने असे वाहन फक्त ओपन वर्गातच स्वीकारले जाईल. हे कलम मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही.

स्पर्धेच्या दिवशी ओपनमध्ये आम्ही नऊजण होतो. त्यातल्या चौघांच्या गाड्यांत गिअरच्या दांड्याला स्कूटरचा क्लच होता. माझा धरून चार. बाकीच्या तिघांचे दोन्ही पाय ठणठणीत होते. मी तपासनिसांच्या रांगेत उभी होते, तेव्हा वणकुद्रे त्यांच्यापैकी एकाला विचारत होते, "हे काय आहे?" आणि तो सांगत होता, "हँडक्लच, साहेब. मॅडमच्या गाडीसारखा."

त्या तिघांत धैर्यशीलही होता. रुंद टायर परत आले होते, कारण आता ते चालत होते. दोन फेऱ्या झाल्यावर मी चौथी होते आणि तो पाचवा. त्याची गाडी आतल्या वळणाला दोनदा बंद पडली होती. तिसऱ्या फेरीच्या आधी तो उजव्या हातानं डावं मनगट चोळत माझ्या खिडकीशी आला.

"ताई, तुमचा लिव्हर एवढा हलका कसा चालतोय? माझ्या हाताला गोळे आले. केबल कुठून फिरवलीय तुमी?"

केबल मी चाकाच्या कमानीवरून न नेता खालून नेली होती आणि मधे एक छोटी कप्पी बसवली होती. तीन महिने डोकं लावल्यावर ते सुचलं होतं.

"तिसरी फेरी व्हायची आहे अजून," मी म्हणाले. "मग विचारा."

"तेवढं एक सांगा की ओ."

"नाही."

तो हिरमुसून गेला. आई छत्री धरून गाडीशेजारी उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"किती गं दुष्ट तू," ती म्हणाली.

पस्तीस वर्षांत हे तिनं मला पहिल्यांदाच म्हटलं होतं. मी काच वर केली आणि गाडी झेंड्यापाशी नेली.